बेशुद्ध पडण्याची तालीम

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव उच्चारलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, भीतीच्या आधी मला थोडा अभिमानच वाटला. आमच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या आळीतले आजार ठरलेले होते. रखमाजीचा गुडघा, चिमाबाईंचा दमा आणि पावसाळ्यात सगळ्यांचा मिळून एक खोकला. यात माझं असं काहीच नव्हतं. आता एकदम इंग्रज डॉक्टरच्या नावाचा आजार पदरात पडला. ॲडिसन असं त्या गृहस्थाचं नाव. रखमाजीने सारी नोकरी रेल्वेत काढली होती, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर. त्याला साहेब मंडळींविषयी फार आदर. गुरुजींना साहेबाचा रोग झालाय, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. वर, आपल्याकडं एवढा भारी रोग पहिल्यांदाच आलाय, असंही जोडू लागला.

रोग असा होता. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ताप आला, लागलं, घाबरगुंडी उडाली की या टोप्यांमधून एक रस सुटतो आणि तो माणसाला उभा ठेवतो. माझ्या दोन्ही टोप्या सुकल्या होत्या. म्हणून तो रस गोळीतून रोज पोटात घ्यायचा. ताप आला तर गोळी दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात ठरेना, किंवा घेरी येऊन पडलो, तर वेळ न घालवता मांडीत इंजेक्शन आणि मग डॉक्टर. उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही, हे डॉक्टरांनी अगदी शांतपणे सांगितलं. शिवाय मीठ सढळ हाताने खायचं. माझा रंग वर्षभरात काळवंडत गेला होता, तोही याच रोगाने. त्यावर इतके दिवस भामाबाईंचं, म्हणजे आमच्या कुटुंबाचं, म्हणणं होतं की मी टोपीशिवाय उन्हात हिंडतो. चिमाबाईंनी तर कौतुक केलं होतं, गुरुजी आता कुटं मावळातलं दिसाया लागलेत म्हणून.

"घरात इंजेक्शन तयार ठेवा, घरच्यांना द्यायला शिकवा आणि खिशात एक चिठ्ठी ठेवा," डॉक्टर म्हणाले. "एवढं करा आणि खुशाल जगा."

ही तीन कामं कुणाही शहाण्या माणसाने एका दुपारी उरकली असती. पण मी सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. साधी गोष्ट साधी ठेवणं आम्हा लोकांना जमत नाही. निवृत्त झाल्यावरही आळीतली पोरं संध्याकाळी माझ्या पडवीत यायची आणि मी त्यांना गणित, भूगोल, चंद्राच्या कला, जे हाती लागेल ते शिकवायचो. आता तर माझ्या हाती अख्खा आजार लागला होता.

पहिलं काम इंजेक्शन. भुकटीची एक बाटली, पाण्याची काचेची कुपी, कुपी कापायची चिमुकली कानस, उकळून फडक्यात गुंडाळलेली काचेची सिरिंज, सुया, स्पिरिट, कापूस. हे ठेवायचं कशात? आमच्याकडे पावसाळ्यात आगपेटी पेटत नाही आणि वहीची पानं भाकरीसारखी मऊ पडतात. हवा आत न जाणारी एकच वस्तू लोणावळ्यात घरोघर असते. चिक्कीचा पत्र्याचा डबा. झाकण असं घट्ट बसतं की ते उघडायला चमचा आणि थोडी चिडचिड, दोन्ही लागतं. मी डबा धुऊन वाळवला, सगळं आत मांडलं आणि वर कागद डकवून ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'फक्त गुरुजींसाठी. कुणीही हात लावू नये.' डबा फळीवर गेला. भामाबाईंनी आदराने त्याच्या शेजारची हळदीची बरणी हलवली.

दुसरं काम चिठ्ठी. ते दिवस दारूबंदीचे. रस्त्यात माणूस पडला की तो काय पिऊन पडला असावा याचा विचार आधी व्हायचा, त्याला काय झालं असावं याचा नंतर. म्हणून मी चिठ्ठीच्या सुरुवातीलाच लिहिलं, 'या इसमाने मद्यप्राशन केलेले नाही.' मग आजार, मग इंजेक्शन, मग पत्ता. रखमाजीने ती चिठ्ठी लांब धरून वाचली आणि म्हणाला, मजकूर फर्स्टक्लास आहे, पण शिक्का नाही. शिक्क्याशिवाय मालगाडीसुद्धा हलत नाही, तिथे हवालदार काय हलणार.

मला ते पटलं. माझ्या आयुष्यात रखमाजीचं म्हणणं पटल्यावर जे जे होत आलं आहे, तेच पुढे झालं. मी एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? मी म्हटलं, मी पीत नाही यावर शिक्का. तो म्हणाला, न पिण्याचा दाखला द्यायची सरकारात तरतूद नाही. प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचा परवाना मात्र मिळतो. तुम्ही आजारी आहातच, तर त्याचा अर्ज देऊ का? मी नको म्हणेपर्यंत त्याने तो माझ्या हातात ठेवलाही. हातातला कागद टाकून देणं माझ्यातल्या मास्तराला जमत नाही. मी तो घडी करून घरी आणला.

कचेरीतून मी चालत निघालो आणि बातमी टांग्याने. मी तुंगार्लीला पोचलो तेव्हा चिमाबाई भामाबाईंना दारात धीर देत होत्या. लय शिकल्यालं मानूस अशानंच वाया जातं, असं त्यांचं मत पडलं. भामाबाईंनी माझ्या खिशातून तो अर्ज काढला, चुलीत घातला आणि म्हणाल्या, "चिठ्ठीला शिक्का नको. मी गळ्यात पाटी बांधीन." पुढे बरेच दिवस पोरांचे बाप मला नमस्कार करताना जरा जवळ येऊन करत. वास घेत असावेत.

तिसरं काम, शिकवणं. इथे तरी माझा हात कुणी धरणार नाही अशी माझी समजूत होती. दवाखान्यातल्या भिमाजी कंपाउंडरला मी बोलावलं. तो मोसंबं घेऊन आला, कारण माणसाच्या कातडीचा सराव मोसंब्यावर करतात. भामाबाईंनी सिरिंज हातात घेतली, मोसंब्याकडे पाहिलं आणि सिरिंज खाली ठेवली.

"मला नाही जमायचं. नवरा म्हणजे काय गोधडी आहे?"

वास्तविक त्यांच्या गोधडीचा टाका आळीत नावाजलेला. पण मी समजावलं, भिमाजीने समजावलं, तरी त्या मोसंबं सोलून आम्हाला फोडी देऊन आत निघून गेल्या. तेव्हा मी ठरवलं की एका माणसावर विसंबण्यापेक्षा सगळ्या आळीलाच शिकवावं. पोरांना सुई हातात द्यायची नाही, पण कृती तोंडपाठ असली म्हणजे मोठ्यांपैकी कुणीही ती करू शकेल. शिकवण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पाढा. म्हणून मी इंजेक्शनचा पाढा रचला.

हात धुवा, डबा काढा,
कुपी कापा, पाणी ओढा,
बाटलीत सोडा, हलवून भरा,
मांडी पुसा, सुई धरा,
टोचून दट्ट्या हळू ढकला,
डॉक्टरांना मग सांगाया चला.

काव्य म्हणून यात फारसं काही नाही हे मी जाणतो. पण पोरांनी ते दोन संध्याकाळींत पाठ केलं आणि मग ती ते नदीवर, गुरांमागे, चिंचेच्या झाडावर, कुठेही म्हणू लागली. चंपा नावाची एक मुलगी होती, तिला शंका फार. तिने विचारलं की गुरुजींच्या टोप्या सुकल्या, तर त्या ओल्या करून पुन्हा का घालत नाहीत? मी तिला ग्रंथींचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं. ते इतकं रंगलं की पुढे एका पोराने शाळेच्या परीक्षेत मूत्रपिंडाच्या चित्रावर गांधी टोपी काढली. आमच्या जुन्या शाळेतले मास्तर मला अजून त्याबद्दल विचारतात.

नुसता पाढा पुरेसा नव्हता. आदल्या वर्षीच्या लढाईत मी आळीचा वॉर्डन होतो. काळोख कसा करायचा, भोंगा झाल्यावर कुठे पडायचं, याच्या तालमी मी घेतल्या होत्या. शत्रूचं विमान तुंगार्लीवर आलं नाही हा भाग वेगळा. त्या अनुभवावरून मी बेशुद्ध पडण्याची तालीम बसवली. रखमाजीने कुठूनसा रुळाचा तुकडा आणून आमच्या जांभळीला टांगला. गुरुजी पडले की एकाने रूळ वाजवायचा, एकाने भामाकाकूंना सांगायचं, एकाने डबा, दोघांनी दवाखाना, बाकीच्यांनी रांगेत उभं राहून पाढा म्हणायचा.

पहिल्या तालमीला मी सतरंजीवर व्यवस्थित जागा पाहून पडलो. रूळ वाजला. आणि आमच्या आळीतली माणसं किती प्रेमळ आहेत ते मला त्या दिवशी कळलं. पडलेल्या माणसाला चप्पल हुंगवायची हे इथल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. चार दिशांनी चार चपला माझ्या नाकाशी आल्या. एक शेणातून आली होती. चिमाबाईंनी कांदा फोडून आणला. कुणीतरी माझ्या दातांत चमचा घालू लागलं. कसलेल्या नटासारखं मी डोळे मिटून पडून होतो, पण माझ्यातला मास्तर कसला गप्प बसतोय. मी पडल्या पडल्या म्हणालो, "चपला बाजूला. रांग कुठं आहे? गेणू, डबा उलटा धरलायस."

"बेशुद्ध मानसानं बोलू नये, गुरुजी," रखमाजी म्हणाला. "रूल आहे."

पण मला ते जमेना. दर शनिवारी तालीम व्हायची आणि दर शनिवारी मी जमिनीवरून चुका काढायचो. पाढ्यात कुणी ओळ खाल्ली की ती सांगायचो. पोरं हळूहळू इतकी तयार झाली, की माझी चूक काढून झाल्याशिवाय तालीम संपली असं त्यांना वाटेना.

आता मिठाचं सांगतो. आषाढ आला, चातुर्मास लागला. चिमाबाईंनी भामाबाईंना सांगितलं की नवऱ्याच्या आजारावर एकच उपाय, आपल्या जिवाला प्रिय असेल ते सोडायचं. भामाबाईंच्या जिवाला काय प्रिय आहे याचा मी उगाच वेगळा अंदाज करत होतो. त्यांनी मीठ सोडलं.

एरवी मला ते हृदयस्पर्शी वाटलं असतं. पण मीठ सोडलेल्या बाईने स्वयंपाक चाखायचा कसा? चव घेता येईना म्हणून त्यांचा हात मागे येई. जास्त पडलं तर काय, या भीतीने त्या कमी घालत आणि पुढे पुढे विसरूनच जात. डॉक्टरांनी मला मीठ खायला सांगितलं होतं आणि आमच्या घरात माझ्याच जिवासाठी ते सोडलं गेलं होतं. अळणी आमटीची वाटी पुढ्यात घेऊन मी बसायचो. समोर त्या माझ्याकडे अशा मायेने बघायच्या की मिठाचं नाव काढायला जीभ रेटेना. जी बाई माझ्यासाठी व्रत करते, तिला व्रताची चव बरोबर नाही असं कसं सांगणार? मग चिमाबाई माझी दृष्ट काढायला आल्या, मूठभर खडे मीठ आणि मोहऱ्या घेऊन. ती मूठ माझ्याभोवती फिरत होती आणि मी तिच्याकडे मांजर मासळीकडे बघतं तसा बघत होतो. मग ते सगळं निखाऱ्यावर पडून तडतडलं. चिमाबाई म्हणाल्या, दृष्ट लय जबर व्हती. माझे डोळे भरून आले होते, त्याचं कारण त्यांना वेगळं वाटलं.

शेवटी मी खडूच्या डब्यात मिठाची पुडी ठेवू लागलो. फळ्याकडे तोंड करून भागाकार मांडता मांडता एक खडा जिभेवर टाकायचा. व्हायचं तेच झालं. एकदा मी वळलो तर सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता.

"गुरुजी, तुमी खडू खाताय व्हय?" चंपाने विचारलं.

खडू खाणारा मास्तर म्हणवून घेण्यापेक्षा मीठ खाणारा बरा. मी पुडी दाखवली आणि, काकूंना सांगायचं नाही, असा जन्मात पहिल्यांदा पोरांना अनैतिक धडा दिला. दुसऱ्या दिवसापासून पोरं चिंचेबरोबर खायला आणलेल्या मिठातलं चिमूटभर माझ्या टेबलाच्या कडेला ठेवून जाऊ लागली. मी ते भागाकार होईपर्यंत संपवत असे. निवृत्तीनंतर मला मिळालेला तो एकमेव पगार.

पावसाळा सरत आला तेव्हा भामाबाईंचा धाकटा भाऊ शिदू कामशेतहून पाहुणा आला. शिदू भातशेती करतो, माणूस मनाने चांगला, पण मानाच्या बाबतीत फार हळवा. लग्नात त्याला फेटा दुसऱ्या नंबरवर बांधला गेला होता, ते तो अजून सांगतो. माझ्या आजारावर त्याचा विश्वास नव्हता. तो आला तो दिवस नेमका शनिवार. मी सतरंजीवर पडलेला, पोरं पाढा म्हणताहेत, हे त्याने उंबऱ्यात उभं राहून पाहिलं.

"आक्का, पडायला बी शिकवनी लागते व्हय दाजींना?" तो म्हणाला आणि पोट धरून हसला. रात्री जेवताना म्हणाला, दोन भाकरी खानारा मानूस आजारी असतो व्हय, दाजी?

हे मला लागलं. इतकं लागलं की तिसऱ्या दिवशी पहाटे पोट बिघडून मला उलट्या सुरू झाल्या, तरी मी कुणाला बोललो नाही. सकाळची गोळी घेतली, ती बाहेर आली. पुन्हा घेतली, पुन्हा आली. आता यापुढची कृती काय, हे आळीतलं कुठलंही शेंबडं पोर पाढ्यात म्हणून दाखवू शकलं असतं. मलाही ते ठाऊक होतं. पण शिदू संध्याकाळच्या गाडीने जाणार होता. तो जाईपर्यंत उभं राहायचं आणि मग आजारी पडायचं, असं मी ठरवलं. स्वतःच्या मेहुण्यासमोर आजारी दिसू नये म्हणून मरायला निघालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो.

निघताना भामाबाईंनी त्याला चिक्कीचा डबा दिला. लोणावळ्यातून माणूस रिकाम्या हाताने जाऊ शकत नाही, मग तो कामशेतला जावो की काशीला. मी चेहऱ्यावर हसू ठेवून त्याला दारापर्यंत पोचवलं. पोरं जमेपर्यंत तासभर कसाबसा काढला. मी फळ्यापाशी गेलो, अपूर्णांक लिहिण्यासाठी हात वर केला, आणि त्यापुढचं मला काही आठवत नाही. जे आठवत नाही ते तीन जणांनी मला तीन तऱ्हांनी सांगितलं आहे. त्यातलं जे जुळतं तेवढंच लिहितो.

मी सतरंजी न पाहता कसाही पडलो. पोरांनी रूळ वाजवला. माणसं जमली, पण सावकाश. शनिवार नसताना तालीम म्हणून थोडी नाराजीही होती. चिमाबाई तर तांदूळ निवडत निवडत सूप घेऊनच आल्या. रखमाजीने माझ्याकडे पाहून पसंतीने मान हलवली आणि म्हणाला, आज गुरुजींनी पडण्यात लय सुधारणा केलीये. पोरांनी पाढा सुरू केला. गेणूने दुसरी ओळ खाल्ली आणि सगळे सवयीने थांबले, मी चूक काढीन म्हणून.

मी काढली नाही.

पुन्हा म्हटलं. पुन्हा तीच ओळ खाल्ली, या वेळी मुद्दाम. मग चंपा खाली बसली, माझ्या तोंडाजवळ गेली आणि म्हणाली, "आवं, गुरुजी खरंच पडलेत. त्ये चुका काढंनात."

मग मात्र पळापळ झाली. दोघं दवाखान्याकडे धावली. भामाबाईंनी फळीवरून डबा ओढला, रखमाजीने चमच्याने झाकण उचकटलं. आत शेंगदाण्याची चिक्की होती. नीट कापलेली, ताजी.

कुणाला काही कळेना. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. शिदू परत येत होता. हातात डबा उंच धरलेला, आणि तोंडाचा पट्टा चालू.

घडलं ते असं. भामाबाईंनी त्याला दिलेला डबा घेऊन तो निघणार, तेवढ्यात त्याची नजर फळीवरच्या दुसऱ्या डब्याकडे गेली. त्याने अक्षरं जुळवून वाचलं, 'फक्त गुरुजींसाठी. कुणीही हात लावू नये.' म्हणजे चांगली चिक्की दाजींना आणि आपल्याला साधी, हे त्याने ताडलं. त्याने गुपचूप कागद सोलून काढला आणि डबे बदलले. पण घरी जाईपर्यंत धीर कसला निघतो. स्टेशनात बाकावर बसून त्याने डबा उघडला, आणि आत सुया. परवाच्या थट्टेचं हे दाजींनी उत्तर दिलं, चिक्की म्हणून सुया बांधून दिल्या, असं त्याला वाटलं. गाडी समोर लागलेली असताना ती सोडून तो भांडायला माघारी फिरला. फेट्याच्या वेळी तो गप्प बसला होता, या वेळी बसणार नव्हता.

"पाव्हन्याला सुया देता व्हय?" तो दारातून गरजला. "आमाला काय मान हाय का न्हाई, दाजी?"

दाजी जमिनीवर पालथे होते. भामाबाईंनी त्याच्या हातातला डबा असा हिसकला की त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. रखमाजी म्हणाला, भिमाजी येईपर्यंत थांबू. त्या थांबल्या नाहीत. ज्या बाईने मोसंब्याला सुई लावली नव्हती, तिने हात धुतले, कुपी कापली, पाणी ओढलं. पोरं रडत रडत पाढा म्हणत होती आणि त्या एकेक ओळीला एकेक काम करत होत्या. रोज संध्याकाळी मी पडवीत जे घोकून घेत होतो ते चुलीपाशी बसून त्यांना पाठ झालं होतं. नंतर मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाल्या, "गोधडीसारखंच लागलं. फक्त गोधडी एवढी वाळलेली नसते."

मग दवाखान्यातले डॉक्टर आणि भिमाजी आले. त्यांनी पडवीतल्या खुंटीला सलाइनची बाटली टांगली, माझी शीर शोधली. डॉक्टर भामाबाईंना म्हणाले, हे इंजेक्शन पडलं नसतं तर माझ्या येण्याचा काही उपयोग नव्हता. पोरं बाहेर जांभळीखाली गेली होती. त्यांना थांबा असं कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ती पाढा म्हणतच राहिली. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज दमला, ओळी एकमेकींत घुसायला लागल्या.

मला पहिल्यांदा आठवतो तो तो पाढा. दुरून, विहिरीच्या तळातून ऐकावा तसा. 'बाटलीत सोडा, हलवून भरा, टोचून दट्ट्या हळू ढकला.' मला फार त्रास झाला. मी जीभ हलवायचा प्रयत्न केला. भामाबाई वाकल्या.

"मांडी पुसा राहिलं," मी म्हणालो.

रखमाजी पायाशी बसला होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "आले. गुरुजी आले. चूक काढली."

हळूहळू सगळं जागेवर आलं. डॉक्टरांनी मिठाचं भामाबाईंना समोर बसवून समजावलं. त्यांनी ते निमूट ऐकलं आणि मला एवढंच विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? मी म्हटलं, तुमचं मन मोडेल म्हणून. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मोडला असता तर?" व्रत अर्धवट सोडता येत नाही म्हणून चिमाबाईंच्या सल्ल्याने त्यांनी मिठाऐवजी चिक्की सोडली. त्यामुळे आता आमच्या घरात त्या जातीचा एकच डबा आहे. शिदू माझ्या उशाशी दोन दिवस मान खाली घालून बसून होता. डबे बदलल्याचं त्याच्या तोंडून कुणी काढून घेतलं नाही, त्यानेच सांगितलं. जाताना भामाबाईंनी त्याला चिक्कीचा तो फोडलेला डबा पुन्हा देऊ केला. त्याने तो घेतला, पण आधी झाकण उघडून आत पाहिलं.

त्या दिवसापासून माझ्यावर एक नवं संकट आलं आहे. मी चुका काढतो आहे म्हणजे माझी प्रकृती ठीक आहे, हे आळीने पक्कं धरलं आहे. आजवर लोक ज्याला माझी खोड म्हणायचे, ती आता नाडी झाली. मी कुठे जरा गप्प बसलो की कुणीतरी उठून डबा आणायला जातं. पूजेत डोळे मिटण्याची सोय उरली नाही. टपरीवर चहा पिताना विचारात पडलो तर चहावाला खांदा हलवतो. दुपारी डुलकी लागली तर भामाबाई दारातून मुद्दाम चुकीचा पाढा म्हणतात, बारा सक्क बाहत्तर, बारा सत्ते ब्याऐंशी, आणि मी झोपेतच चौऱ्याऐंशी म्हणतो. मग त्या निश्चिंत होऊन जातात.

परवा तीस जानेवारीला जुन्या शाळेने मला बोलावलं होतं. अकराला भोंगा झाला आणि मैदानावर सगळे हुतात्म्यांसाठी स्तब्ध उभे राहिले. मीही उभा होतो, मान खाली, डोळे मिटलेले. मन भरून आलं होतं. थोड्या वेळाने काहीतरी जाणवलं म्हणून डोळे किलकिले केले. पुढच्या रांगेतून चंपा माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या शेजारचीही. मागच्या रांगेतली पोरं टाचा उंचावून बघत होती. चंपाचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि तिचा एक पाय दवाखान्याच्या दिशेने वळलेला होता.

हुतात्मे मला क्षमा करतील. मी ओठ न हलवता, जेमतेम पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "रांग वाकडी आहे."

चंपाने श्वास सोडला, आणि सगळी रांग सरळ झाली.